काचेवरचा खोटा रंग

स्तनातील गाठीचा तुकडा तपासायला गेला की काही दिवसांनी जो अहवाल हाती येतो, त्यात एक ओळ हमखास असते: ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) इतके टक्के, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) इतके टक्के, हर-टू हे प्रथिन शून्य, एक, दोन किंवा तीन. घरातली माणसे ती ओळ पुन्हा पुन्हा वाचतात, डॉक्टर असलेल्या कुणा नातेवाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवतात. पुढच्या उपचाराचा बराचसा आराखडा खरोखरच त्या ओळीवर बेतलेला असतो. ईआर असेल तर पाच ते दहा वर्षे रोज गोळी, हर-टू तीन असेल तर साधारण वर्षभर ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शने, यातले काहीच नसेल तर मुख्य भिस्त केमोथेरपीवर. ज्या तपासणीतून ही ओळ येते तिचे नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री; रुग्णालयात सगळे तिला आयएचसी म्हणतात. तिच्यात पॅथॉलॉजिस्ट पाहतात ते एवढेच, की निळसर पेशींवर तपकिरी रंग आला का, कुठे आला आणि किती आला. अडचण अशी, की हा रंग नको तिथेही येतो. प्रयोगशाळेत त्याला नुसते ‘बॅकग्राउंड’ म्हणतात आणि तंत्रज्ञाने निस्तरायची ती एक किरकोळ कटकट समजली जाते. माझे म्हणणे असे, की ही कटकट किरकोळ नाही आणि एकट्या तंत्रज्ञाची तर मुळीच नाही. खोटा रंग पुसून टाकण्यापेक्षा तो का आला हे शोधावे लागते, आणि शोध घेत गेले की धागा अनेकदा प्रयोगशाळेबाहेर, थेट शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचतो. म्हणून तुकडा कसा हाताळला गेला आणि तपासणीसोबत लावलेल्या कंट्रोलचा, म्हणजे रंग बरोबर बसतो आहे का हे दाखवणाऱ्या नमुन्याचा, निकाल काय लागला, हे प्रत्येक आयएचसी अहवालावर छापले गेलेच पाहिजे.

तपासणीमागची कल्पना सुंदर आहे. विशिष्ट प्रथिनाला नेमके ओळखून त्यालाच चिकटणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, प्राण्यांच्या शरीरात तयार होतात. 1941 मध्ये हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी अशा प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला. 1966 मध्ये नाकाने आणि पिअर्स यांनी चमकत्या रंगाऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर जोडले, तेव्हा साध्या सूक्ष्मदर्शकातूनही खूण दिसू लागली. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत शोधली, आणि 1991 मध्ये शी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉर्मॅलिनमध्ये मुरलेले काप मायक्रोवेव्हमध्ये तापवून त्यातली झाकली गेलेली प्रथिने पुन्हा उघडी करून दाखवली. आज मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काढतात, त्यावर पहिले प्रतिपिंड घालतात, मग पहिल्याला ओळखणारे दुसरे, ज्याच्यावर पेरॉक्सिडेजचे पुष्कळ रेणू लादलेले असतात. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डीएबी हे रसायन घातले की जिथे पेरॉक्सिडेज तिथे न विरघळणारा तपकिरी साका बसतो. प्रत्येक पायरीला खूण वाढत जाते, म्हणून तर प्रथिन अगदी थोडे असले तरी डोळ्याला दिसते. पण या वाढीला खरेखोटे कळत नाही. पहिले प्रतिपिंड भलत्याच जागी बसले, किंवा ऊतकात मुळातच पेरॉक्सिडेजसारखे काही असले, तर तेही तेवढेच वाढते आणि तेवढेच तपकिरी दिसते.

काच नीट वाचणारा माणूस त्यामुळे रंग किती आहे याच्या आधी तो कुठे आहे हे पाहतो. तपकिरी रंग फक्त तांबड्या पेशींत आणि विखुरलेल्या न्यूट्रोफिल-इओसिनोफिल पेशींत असेल, तर तो प्रतिपिंडाचा नव्हेच. तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन पेरॉक्सिडेजसारखे वागते आणि या पांढऱ्या पेशींत तर पेरॉक्सिडेज स्वतःचेच असते. आधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ते निकामी करण्याची पायरी नीट झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशींत बारीक रवाळ रंग दिसला आणि पद्धत बायोटिनवर आधारलेली असली, तर संशय ऊतकातल्या नैसर्गिक बायोटिनवर जातो. काप तापवण्याच्या युक्तीने झाकलेली प्रथिने उघडी झाली तसे हे बायोटिनही उघडे पडले, आणि एका दोषाच्या उपायातून दुसरा दोष निघाला. बायोटिन न वापरणाऱ्या पॉलिमर पद्धती पुढे रूढ झाल्या त्यामागे हे मोठे कारण होते. रंग कापाच्या कडेला गडद आणि मध्ये फिका असेल तर काप मध्येच वाळला किंवा द्रव कडेला साचला. मेलेल्या पेशींच्या भागात, चिमट्याने चिरडलेल्या टोकाला किंवा कापाच्या घडीत रंग असेल, तर तो मोजायचाच नसतो. सगळ्या कापावर एकसारखी तपकिरी झाक असेल, तर प्रतिपिंड प्रमाणाबाहेर घातले गेले, धुणे कमी पडले किंवा डीएबी जास्त वेळ राहिले. लिम्फोमाच्या संशयात कॅपा आणि लॅम्डा या प्रतिपिंडांच्या दोन साखळ्यांची तुलना करतात तिथे आणखी वेगळा पेच असतो. रक्तद्रवातली प्रतिपिंडे ऊतकात पाझरून तिथेच मुरलेली असतात, त्यामुळे रंग जिथे तिथे दिसतो आणि तो खोटाही म्हणता येत नाही. प्रथिन खरेच तिथे असते, फक्त ते आपण शोधतो आहोत त्या पेशीने बनवलेले नसते.

हे ओळखण्याची एक साधी, काटेकोर रीत आहे आणि ती कुठल्याही प्रयोगशाळेला परवडते. शेजारचाच काप घ्यायचा आणि त्यावर पहिले प्रतिपिंड सोडून बाकी सगळे घालायचे. रंग गेला, तर दोष पहिल्या प्रतिपिंडाचा किंवा त्याच्या प्रमाणाचा. रंग राहिला, तर पुढच्या कापावर दुसरे प्रतिपिंडही वगळायचे आणि फक्त डीएबी घालायचे. तरीही रंग असेल, तर ऊतकातले पेरॉक्सिडेज बोलते आहे. शेवटी डीएबीही न घालता पाहायचे. तरीही तपकिरी दिसले, तर तो रंग आपण आणलेलाच नाही. ते मेलॅनिन असेल, जुन्या रक्तस्रावाचे हिमोसिडरिन असेल, किंवा आम्लधर्मी फॉर्मॅलिनमुळे बसलेले काळपट कण असतील. तीन-चार काप आणि अर्धा दिवस एवढाच खर्च, पण त्यातून कारणाचे नाव कळते. कारणाचे नाव कळल्याशिवाय केलेला कोणताही उपाय अंदाजपंचे असतो.

आणि हाच अंदाजपंचे उपाय सर्वांत घातक आहे. काच मळकट दिसली की हात आपोआप दोन गोष्टींकडे जातो: प्रतिपिंड आणखी पातळ करायचे आणि डीएबीचा वेळ कमी करायचा. किंवा पेरॉक्साइड जास्त तीव्र वापरायचे, त्याने काही नाजूक प्रथिनांची ओळखण्याजोगी जागाच बिघडते. काच स्वच्छ होते, छायाचित्राला छान दिसते, पण खोट्या रंगाबरोबर खरा रंगही जातो. डेन्मार्कहून चालणारी नॉर्डिकेसी ही संस्था वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांना एकसारखे काप पाठवून त्यांचे रंगकाम तपासते. तिच्या दहाएक वर्षांच्या आढाव्यात सर्वसाधारण तपासण्यांतले सुमारे 30 टक्के आणि स्तनाच्या कर्करोगाच्या तपासण्यांतले सुमारे 20 टक्के निकाल अपुरे ठरले. त्या अपुऱ्या निकालांपैकी जवळजवळ 90 टक्के ठिकाणी रंग फारच फिका होता किंवा आलाच नव्हता. खोटा रंग किंवा मळकट पार्श्वभूमी हा दोष उरलेल्या सुमारे 10 टक्क्यांत होता. यावर कुणी सरळ म्हणेल, की मग बॅकग्राउंडचा एवढा बाऊ कशाला, खरा रोग तर फिक्या रंगाचा आहे. आकडे मला मान्य आहेत. पण ते माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाहीत, त्याला बळ देतात. फिका रंग आणि खोटा रंग ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. कारण न शोधता एक दाबले की दुसरे वर येते. फरक इतकाच, की मळकट काच डोळ्याला खुपते म्हणून ती पुन्हा केली जाते. स्वच्छ पण खोटी नकारार्थी काच कुणालाच खुपत नाही आणि तशीच सही होऊन बाहेर पडते.

सवयीने केल्या जाणाऱ्या पायऱ्यांबद्दलही हेच म्हणावे लागते. पहिले प्रतिपिंड घालण्याआधी कापावर जनावराचे सीरम घालून भलत्या जागा अडवून ठेवायच्या, हे पाठ्यपुस्तकातले जुने वळण. 2011 मध्ये बुखवालोव्ह आणि सहकाऱ्यांनी ते तपासून पाहिले आणि नेहमीच्या रीतीने फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेल्या ऊतकात या पायरीचा उपयोग दिसत नाही, असा निष्कर्ष ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात मांडला. प्रत्येक प्रयोगशाळेने उद्यापासून ती पायरी सोडावी, असे मी म्हणत नाही. पण ऊतक नीट मुरले असेल तर खोट्या रंगाची बरीच दारे आधीच बंद होतात, हे त्यातून कळते. आणि ऊतक मुरते ते प्रयोगशाळेत तुकडा पोहोचण्याआधी.

मुरण्याचे गणित अवघड नाही. तुकडा शरीराबाहेर काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, पेशी स्वतःलाच पचवू लागतात, प्रथिने पाझरून शेजारी पसरतात. हे थांबवायचे तर तो तासाभराच्या आत 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे, आणि अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ व पॅथॉलॉजिस्ट यांच्या संघटनांच्या मार्गदर्शक नियमांनुसार तिथे किमान 6 आणि कमाल 72 तास राहिला पाहिजे. फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरते. आता शनिवारी संध्याकाळी काढलेल्या अख्ख्या स्तनाचे काय होते ते पाहा. तो न चिरता बादलीत बुडवून ठेवला जातो आणि सोमवारी उघडला जातो. कडेचा भाग छत्तीस तास मुरलेला असतो, गाठ मात्र मध्यभागी असते आणि तिथपर्यंत फॉर्मॅलिन वेळेत पोहोचलेले नसते. पुढे यंत्रात तो भाग अल्कोहोलमध्ये जातो तेव्हा अल्कोहोलच त्याला मुरवते. म्हणजे एकाच कापात कडेचे ऊतक एका रसायनाने मुरलेले आणि मधले दुसऱ्याने. रंग दोन्हींवर वेगळा बसणार, मधल्या मृत पट्ट्यात खोटा रंग चढणार, आणि दोष जाणार रंग लावणाऱ्या मुलीवर. गाठीवरून सुरी दोन-तीनदा फिरवून तिचे सेंटिमीटरभर जाडीचे काप उघडे करून ठेवले असते, तर हे टळले असते. छोट्या गावातली कहाणी आणखी निराळी. कित्येक ठिकाणी तुकड्याच्या आकाराला न पुरणाऱ्या बाटलीत, बफर न घालता नळाच्या पाण्यात पातळ केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये बायोप्सी ठेवली जाते. कधी ती सलाइनमध्येच कुरिअरने शहरात येते. बफर नसले की फॉर्मॅलिन आम्ल होते आणि रक्ताळलेल्या भागात तपकिरी-काळे कण बसवते. डीएबीच्या रंगाशी त्यांची गल्लत होऊ शकते.

हा सगळा विषय तांत्रिक वाटतो त्यांनी कॅनडातल्या न्यूफाउंडलँड प्रांताची गोष्ट लक्षात घ्यावी. 2005 मध्ये सेंट जॉन्स शहरातल्या प्रयोगशाळेत एका रुग्णेचा आधी नकारार्थी आलेला ईआर नव्या यंत्रावर पुन्हा केला, तो होकारार्थी निघाला. मग 1997 पासूनचे नकारार्थी निकाल टोरोंटोतल्या माउंट सिनाई रुग्णालयाकडे फेरतपासणीला गेले आणि जवळपास 400 रुग्णांचे निकाल बदलले. या बायकांना गोळीचा उपयोग झाला असता आणि ती अनेकींना दिली गेली नव्हती. काही जणी तोवर वारल्या होत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाने 2009 मध्ये अहवाल दिला, तेव्हा कुणा एकाच्या हातून झालेली चूक समोर आली नाही. गुणवत्तेवर लक्ष ठेवणारी यंत्रणाच मोडकी होती. अशी चूक पकडायचा एक साधा मार्ग आहे: स्तनाच्या कापात गाठीशेजारच्या निरोगी नलिकांनी ईआरचा रंग घेतला पाहिजे. तो त्यांनी घेतला नसेल, तर गाठीवर रंग नाही या म्हणण्याला काहीच अर्थ उरत नाही. हा कंट्रोल फुकट आहे, त्याच काचेवर आहे, फक्त त्याच्याकडे पाहून तसे लिहावे लागते. न्यूफाउंडलँडची चूक फिक्या रंगाची होती, खोट्या रंगाची नव्हे, हे खरे. पण कंट्रोल न वाचता काच वाचली की चूक कुठल्याही बाजूला होऊ शकते, आणि ती किती काळ लपून राहते हे तिथे आठ वर्षांनी कळले.

यावर पॅथॉलॉजिस्ट मंडळींचा एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. मुरलेला डोळा खोटा रंग ओळखतो आणि बाजूला ठेवतो, असे ते म्हणतात. हर-टू तीन असेल तर पेशीच्या पातळ आवरणाभोवती अखंड, गडद रंगाची रेघ दिसते. थोड्या पार्श्वभूमीने ती झाकली जात नाही. अनेक वर्षे हे पुरेसे होते, कारण प्रश्नच तेवढा होता: तीन आहे की नाही. 2022 मध्ये प्रश्न बदलला. डेस्टिनी-ब्रेस्ट-04 या चाचणीत पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या रुग्णांत हर-टू फिका होता, म्हणजे एक, किंवा दोन असून जनुक वाढलेले नाही, त्यांना ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टिकॅन हे औषध दिले गेले. केमोथेरपी घेतलेल्या गटात निम्मे रुग्ण 16.8 महिने जगले, या औषधाच्या गटात 23.4 महिने. त्याच वर्षी अमेरिकेत या गटासाठी औषधाला मान्यता मिळाली, आणि 2025 च्या जानेवारीत एकहूनही फिक्या रंगाच्या काही रुग्णांसाठी ती वाढवली गेली. ज्या पुसट रेघेकडे काल कुणी पाहत नव्हते, तिच्यावर आज अतिशय महाग औषध द्यायचे की नाही हे ठरते. त्या औषधाने काही रुग्णांच्या फुफ्फुसांना सूज येते आणि क्वचित ती जिवावर बेतते. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये 18 पॅथॉलॉजिस्टना त्याच काचा वाचायला दिल्या, तेव्हा शून्य आणि एक यांतला फरक करताना एकमत फक्त 26 टक्के दिसले. दोन आणि तीन यांच्यात ते 58 टक्के होते. मुरलेला डोळा इथे हरला असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे जो फरक ठेवला गेला तो फरकच पार्श्वभूमीच्या धुक्याएवढा आहे. अशा ठिकाणी काचेवरचे धुके किती होते हे लिहून ठेवल्याशिवाय आकडा सांगणे योग्य नाही. ईआरचेही तसेच. त्याच अमेरिकी संघटनांच्या 2020 च्या नियमांनी एक ते दहा टक्के हा ‘अल्प होकारार्थी’ असा वेगळा गट केला आणि शून्य ते दहा टक्के निकाल असेल तेव्हा कंट्रोलची स्थिती अहवालात नोंदवावी, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे मी मागतो आहे ते काही नवे नाही; नियमात ते आहे, फक्त आपल्या छापील अहवालांत ते क्वचित उतरते.

दुसरा आक्षेप यंत्राचा. आता रंग लावायची यंत्रे आली आहेत, तयार पातळ केलेली प्रतिपिंडे मिळतात, माणसाचा हात लागतच नाही, मग चूक कुठून होणार? यंत्राने पायऱ्यांचा वेळ आणि तापमान सांभाळले जाते, आणि तो मोठाच लाभ आहे. पण काप कोणत्या तुकड्याचा आहे, तो किती तास उघडा पडला होता, फॉर्मॅलिन आम्ल होते की नाही, हे यंत्राला कळत नाही. खराब मुरलेल्या ऊतकावरही ते तेवढ्याच काटेकोरपणे रंग चढवते, आणि यंत्रातून आलेल्या काचेवर माणूस सहसा अविश्वास दाखवत नाही. काही रुग्णालये महागडे यंत्र घेतात आणि शस्त्रक्रियागृहातल्या बाटलीत मात्र हाताने केलेले बिनबफरचे फॉर्मॅलिन असते. खर्चाचा हा क्रम चुकीचा आहे, असे माझे स्वच्छ मत आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो लहान प्रयोगशाळांच्या तोंडी अगदी रास्त असतो. प्रत्येक प्रतिपिंडासाठी नकारार्थी कंट्रोलचा वेगळा काप लावायचा तर रसायन आणि वेळ वाढतो. रुग्ण आधीच प्रत्येक मार्करमागे वेगळे पैसे मोजत असतो. पण नियमही इतके आंधळे नाहीत. बायोटिनविरहित पॉलिमर पद्धत वापरणाऱ्या प्रयोगशाळांना प्रत्येक वेळी वेगळा नकारार्थी कंट्रोल लावण्याची सक्ती अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने शिथिल केली आहे. एकाच ब्लॉकवर चार-पाच मार्कर लावले असतील तर जिथे एकाचा रंग अपेक्षित नाही तिथे दुसरा त्याचा कंट्रोल ठरतो. होकारार्थी कंट्रोलचा बारीक तुकडा रुग्णाच्याच काचेच्या कोपऱ्यावर बसवता येतो, त्याला वेगळे रसायन लागत नाही. सर्वांत स्वस्त तर वेळेची नोंद: तुकडा निघाला किती वाजता, फॉर्मॅलिनमध्ये गेला किती वाजता. शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकेने मागणीपत्रावर दोन वेळा लिहायच्या, बस्स. याला यंत्र लागत नाही. लागते ती शल्यचिकित्सकाची ताकीद, कारण त्यांनी विचारल्याशिवाय त्या खोलीत असली नोंद कुणी करत नाही.

काही जण म्हणतात, अहवालात असे सगळे लिहिले तर रुग्ण घाबरेल, प्रत्येक ओळीवर शंका काढेल, प्रयोगशाळा कोर्टात ओढली जाईल. ज्या नोंदीने रुग्णाला भीती वाटते तीच नोंद ऑन्कॉलॉजिस्टला उपयोगी असते. ‘ईआर नकारार्थी, शेजारच्या नलिकांत रंग नाही, पुन्हा करावे’ हे वाक्य वाचून डॉक्टर दुसऱ्या ब्लॉकवर तपासणी मागवतात, आणि रुग्णाला मिळू शकणारी गोळी त्यामुळे हुकत नाही. कोर्टाच्या भीतीचे म्हणाल तर नोंद नसणे हे तिथे जास्त महागात पडते. न्यूफाउंडलँडमध्ये चौकशी करणाऱ्यांना कागदांची वाण हीच एक मोठी अडचण होती.

हे घडवून आणण्याची ताकद आपल्याकडे आहे. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो; बायकांच्या कर्करोगांत तो पहिला आहे. महाराष्ट्रात यांतल्या कित्येकींचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतात, म्हणजे पैसा सरकारचा असतो. उपचाराला मंजुरी देताना बायोप्सीचा अहवाल मागितला जातोच; त्यात फॉर्मॅलिनमध्ये जाण्याची वेळ, तिथे राहिल्याचे तास, कंट्रोलचा निकाल आणि वापरलेल्या प्रतिपिंडाचे नाव या चार गोष्टी असल्याच पाहिजेत, अशी अट घालायला नवा कायदा लागत नाही. प्रयोगशाळांची गुणवत्ता पारखणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आपल्याकडे ऐच्छिक आहे. कर्करोगाचे निदान करणाऱ्या आयएचसी प्रयोगशाळांनी निदान बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत भाग घ्यावा, ही अटही त्याच मंजुरीला जोडता येईल. टाटा मेमोरियलने उभ्या केलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशभरची केंद्रे एकमेकांशी जोडलेली आहेत. लहान शहरांतल्या शस्त्रक्रियागृहांना बफर्ड फॉर्मॅलिन कसे करायचे आणि मोठा तुकडा कसा चिरून ठेवायचा, एवढे शिकवायला त्याहून चांगले जाळे कुठले मिळणार?

तोवर वाचकांपैकी कुणाच्या घरी हा प्रसंग आलाच, तर शस्त्रक्रियेआधी शल्यचिकित्सकाला एवढेच विचारा, की तुकडा फॉर्मॅलिनमध्ये केव्हा जाणार आणि तशी नोंद होणार का. अहवाल आल्यावर ईआर शून्य किंवा दहाच्या आत असेल, किंवा हर-टू शून्य आणि एक यांच्या काठावर असेल, तर कंट्रोलबद्दल लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर पॅथॉलॉजिस्टना विचारा, चांगले पॅथॉलॉजिस्ट अशा प्रश्नाचा राग मानत नाहीत. आणि मेणाचा ब्लॉक सांभाळून ठेवला जाईल याची खात्री करून घ्या. त्याच्यातून नवे काप काढून दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासणी पुन्हा करता येते, अगदी काही वर्षांनीही. न्यूफाउंडलँडच्या बायकांचे खरे निकाल अशाच जपून ठेवलेल्या ब्लॉकमधून मिळाले.